चेहऱ्याची अट

‘पॉडकास्टिंग’ हा शब्द 2004च्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’मधल्या एका लेखात छापला गेला. इंटरनेटवरून पोचू लागलेल्या हौशी रेडिओला काय म्हणावं, हा प्रश्न बेन हॅमर्सली या पत्रकाराला पडला होता आणि त्याने सुचवलेल्या नावांपैकी हे एक टिकलं. त्यातला ‘पॉड’ आयपॉडमधला. खिशात मावणाऱ्या, मुख्यतः कानासाठी असलेल्या यंत्रातला. मराठीत हा शब्द आला तो कान मागे ठेवून. आज आपल्याकडे पॉडकास्ट म्हटलं की दोन खुर्च्या, तोंडासमोर दोन जाडजूड माइक, पाठीमागे पुस्तकांचं कपाट किंवा एखादी कुंडी असं दृश्य डोळ्यांपुढे येतं. लोक ‘पॉडकास्ट पाहिलास का?’ असं विचारतात. एवढ्याशा क्रियापदात या कलेचं आजचं दुखणं आहे. दत्तक, मनाचं आरोग्य आणि नागरी जीवन या तिन्ही विषयांवर मराठीत आता पुष्कळ बोललं जातं, आणि तिन्ही ठिकाणी ज्याला चेहरा दाखवणं परवडतं त्याचीच गोष्ट ऐकू येते. पाहुण्याची निवड कॅमेरा करतो आणि पाहुण्यामुळे गोष्टीचा शेवट ठरून जातो.

आधी जमेची बाजू मांडली पाहिजे, कारण ती मोठी आहे. ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’, ‘मित्रम्हणे’ ही नावं गेल्या काही वर्षांत मराठी घरांत ओळखीची झाली. वृत्तवाहिनीवर सहा चौकटींतून सहा जण एकदम ओरडत असताना एकाच माणसाला तास-दीड तास बोलू देणं हे धिटाईचं काम होतं. आपली मुलाखतीची परंपरा रंगमंचावरची आहे. सभागृहात किस्सा रंगायला हवा, दर पाच मिनिटांनी टाळी यायला हवी, म्हणून पाहुणाही किश्शांची पोतडी घेऊनच येतो. पॉडकास्टने टाळी काढून टाकली. वाक्य अर्ध्यावर सोडावं, परत उचलावं, ‘अँक्झायटी’ला ‘अँक्झायटी’च म्हणावं, ही मोकळीक त्याने मराठी गप्पांना दिली. ही जमीन अर्थात एका रात्रीत तयार झालेली नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच ही मनाच्या आरोग्याची संस्था आणि तिच्या ‘वेध’ या उपक्रमातले संवाद यांनी मनाबद्दल चारचौघांत बोलायची सवय एका पिढीला आधीच लावली होती. होस्ट मंडळींना ऐकण्याची कला अजून साधायची आहे, तो भाग वेगळा. पाहुणा पोटातलं काही बोलून जातो आणि पुढचा प्रश्न मात्र कागदावरच्या यादीतला येतो, असं वरचेवर होतं. पण तो दोष सरावाने जाईल. चेहऱ्याच्या अटीचा दोष सरावाने जाणारा नाही, उलट सरावाने तो पक्का होत चालला आहे.

दत्तकाच्या विषयात तो सर्वांत स्पष्ट दिसतो. मराठीत हा शब्द मुळात गादीचा आणि वतनाचा आहे. सातारा, नागपूर, झाशी ही संस्थानं खालसा झाली ती दत्तकाच्या वादातून; सयाजीराव आणि शाहू महाराज दोघेही दत्तक आलेले. वारस हवा म्हणून, तोही मुलगा, तोही शक्यतो भाऊबंदांतला, असा तो व्यवहार होता. त्याच काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे तिथे जन्मलेल्या यशवंतला आपला मुलगा केलं. ही दुसरी वाट भाषेत फारशी मुरली नाही. आजही महापालिका उद्यानं दत्तक देतात, मुंबईत झोपडपट्टीच्या साफसफाईच्या योजनेचं नाव ‘दत्तक वस्ती’ होतं, आणि 2017च्या महापालिका निवडणुकीत तर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अख्खं नाशिक दत्तक घेण्याचं आश्वासन दिलं होतं. या सगळ्या वापरांत घेणारा मोठा आणि घेतला जाणारा उपकृत असतो. पॉडकास्टवर बोलणाऱ्या आईवडिलांनी या शब्दातला उपकार खरवडून काढायचं काम केलं, हे त्यांचं श्रेय निर्विवाद आहे. ‘आम्ही पुण्य केलं नाही, आम्हाला मूल हवं होतं’ हे साधं वाक्य मराठीत मोठ्याने म्हटलं गेलं. मुलाला केव्हा सांगायचं, शेजाऱ्यांनी ‘खरे आईबाप कोण?’ विचारलं तर काय म्हणायचं, याची भाषा या गप्पांनी घडवली.

पण हे बोलणारे कोण, हे पाहावं. बहुतेक जण मूल घरी येऊन काही वर्षं झालेले, स्थिरावलेले, पुण्या-मुंबईचे सुशिक्षित पालक. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या आकडेवारीनुसार 2024-25मध्ये देशभरात 4,515 मुलं दत्तक गेली, आणि नोंदणी करून वाट पाहणाऱ्यांची संख्या याच्या कितीतरी पट आहे. लहान, निरोगी बाळ हवं असणाऱ्यांची वाट वर्षानुवर्षं लांबते. त्या प्रतीक्षेच्या मधोमध असलेलं जोडपं माइकसमोर क्वचितच येतं, कारण सासरी अजून सांगितलेलं नसतं. मूल घरी येऊनही जमलं नाही आणि ते संस्थेत परत गेलं, अशी घरं आहेत. ती तर कधीच दिसणार नाहीत. आठ-नऊ वर्षांचं मूल घेतलेल्यांचे पहिले सहा महिने कसे गेले, हे सहा वर्षांनी हसत सांगितलं जातं, तेव्हा त्या महिन्यांचा काटा बोथट झालेला असतो. आणि ज्या बाईपासून ही गोष्ट सुरू होते, ती जन्मदात्री पूर्ण गैरहजर. बालन्याय कायद्यानुसार बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवल्यावर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत काय चालतं, यावर मराठीत तासभराच्या गप्पा शोधून पाहाव्यात. तिची ओळख झाकलेली राहावी हे कायद्यालाही अपेक्षित आहे, समाजाच्या धाकानेही ती झाकलेलीच असते. मग कॅमेऱ्यापुढे ती येणार कशी? राहिलं मूल. आईबाबा प्रेमानेच बोलतात, पण पाच वर्षांच्या मुलीची सापडण्याची कहाणी यूट्यूबवर गेली की ती पंधरा वर्षांची झाल्यावरही तिथेच असते, वर्गातल्या मुलांना नाव टाकून शोधता येते. संकटातल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला कायद्याने बंदी आहे; घरी आलेल्या मुलाच्या भूतकाळाची राखण मात्र पालकांच्या आणि होस्टच्या तारतम्यावर सोडलेली आहे.

मनाच्या आरोग्यावरचे भाग संख्येने सर्वाधिक, आणि त्यांचा साचाही सर्वांत घट्ट. एक तर मानसोपचारतज्ज्ञ असतो, जो लक्षणं आणि उपाय सांगतो. नाही तर नामवंत कलाकार असतो, जो ‘त्या काळा’तून बाहेर आलेला असतो. भूतकाळ हा इथला एकमेव काळ. आज, या आठवड्यात गोळ्या बदललेल्या माणसाचं बोलणं त्यात नाही. भावाला स्किझोफ्रेनिया असल्याने लग्न न केलेल्या बहिणीचंही नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’ या चित्रपटांत हा वर्तमानकाळ पकडला होता, सांभाळणाऱ्याच्या थकव्यासकट. कथेच्या पडद्याआड त्यांना जे साधलं ते खऱ्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्यानिशी साधणं अवघड आहे. म्हणून गप्पा सल्ल्याकडे घसरतात: झोप, व्यायाम, डायरी, कृतज्ञता. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं आहे, 14416 हा ‘टेलिमानस’ या सरकारी समुपदेशन सेवेचा फोन 2022पासून चालू आहे. दावा नाकारला गेलेला माणूस किंवा त्या फोनच्या पलीकडे बसणारा समुपदेशक यांचं म्हणणं ऐकू आलं, तर ‘स्वतःची काळजी घ्या’ या वाक्याला काही बूड येईल. पण पहिल्याला नोकरीची भीती आणि दुसऱ्यावर गोपनीयतेचं बंधन.

नागरी जीवनाबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे सांगण्याजोगं कमीच आहे. राजकारणावरच्या गप्पा उदंड, नगरपालिकेवरच्या विरळ. 2022च्या मार्चमध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ या शहरांत एकही नगरसेवक नव्हता. तुंबलेल्या गटारासाठी नेमकं कुणाचं दार वाजवायचं, या प्रश्नावर एखादी मालिका सहज उभी राहिली असती. उभे राहिले ते पक्षफुटीवरचे भाग. अधिकारी येतात ते निवृत्त होऊन, आठवणींचं पुस्तक हातात घेऊन. सेवेत असलेल्या कनिष्ठ अभियंत्याने रस्त्याच्या निविदेबद्दल बोलावं, ही अपेक्षाच करता येत नाही. राज्य कर्मचाऱ्यांना 1979च्या वर्तणूक नियमांची आडकाठी आहे, पालिकेतल्यांचीही गत निराळी नाही. कंत्राटी सफाई कामगाराला नियम आडवा येत नाही, मुकादम येतो. दत्तकातली जन्मदात्री, आजारी भावाची बहीण आणि पालिकेतला कनिष्ठ अभियंता या तिघांचं नातं इथे जुळतं: तिघांकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे, आणि तिघांनाही चेहरा दाखवण्याची किंमत परवडत नाही.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. लाज मोडायची तर कुणी तरी तोंड दाखवूनच बोललं पाहिजे. झाकून बोलण्याने ‘यात झाकण्यासारखं काही आहे’ हीच समजूत पक्की होते. हे खरं आहे, आणि उघड बोलणाऱ्या पालकांमुळे, कलाकारांमुळे वाट सोपी झाली हेही खरं. मात्र उघडेपणा ही निवड असेल तरच त्यात धैर्य असतं. प्रवेशाची अट झाली की ती चाळणी होते, आणि चाळणीतून खाली पडतात ते नेमके दुबळे. र. धों. कर्वे यांनी 1927पासून 1953पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, त्यात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना छापील उत्तरं दिली जात. कर्वे स्वतः उघड उभे होते, खटलेही अंगावर घेत होते. विचारणाऱ्याला मात्र ते उघडं पाडत नव्हते. जोखीम कुणी घ्यायची याचा तो हिशेब आजच्या होस्टने उलटा केला आहे.

दुसरा आक्षेप विश्वासाचा: बिनचेहऱ्याचा माणूस खोटं बोलला तर? वर्तमानपत्राचा बातमीदार नाव झाकून माहिती छापतो तेव्हा नाव त्याला माहीत असतं, कागद त्याने पाहिलेले असतात. तेच इथे करायला हवं, म्हणजे होस्टने संपादक व्हायला हवं. आणि चेहरा खरेपणाची हमी देतो, हे तरी कुणी सांगितलं? कॅमेऱ्यापुढे माणूस सावरून बसतो, आवाजात मात्र त्याचा आवंढा लपत नाही. एस्थर पेरेल या मनोचिकित्सक 2017पासून ‘व्हेअर शुड वी बिगिन?’ या पॉडकास्टमध्ये खऱ्या जोडप्यांची सत्रं नावं वगळून ऐकवतात. अमेरिकी विनोदकार ख्रिस गेथर्ड यांच्या 2016पासूनच्या कार्यक्रमात निनावी माणूस फोन करतो आणि तासभर फोन ठेवायचा नाही हे बंधन होस्टवर असतं. दोन्हींत ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळत नाही, आणि कोणत्या घरातून बोलतंय ते मात्र पुरतं कळतं. मराठीत हे अधिक फळावं. आपल्याकडे माणसाचा जिल्हा, जात, शाळा, वय सगळं दोन वाक्यांच्या हेलात उमटतं. ‘व्हतं’ आणि ‘होतं’ यांमधलं अंतर कुठल्याही क्लोज-अपला दाखवता येणार नाही. (म्हणूनच झाकायचं तर नुसता चेहरा झाकून भागत नाही, कधी आवाजही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल. चांगले वाचिक अभिनेते मराठीत आहेत.)

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे. यूट्यूबवर जाहिरात मिळते, थंबनेलवर डोळे पुसणारा पाहुणा असला की बोट थांबतं, तासाभरातून तीस सेकंदांच्या दहा चकत्या कापून रील होतात. नुसत्या आवाजाच्या मराठी भागाला प्रायोजक मिळणं कठीण. पण हा आक्षेप कलेबद्दल नाही, दुकानाबद्दल आहे, आणि दुकानातही आडवाटेला जागा असते. आठवड्यातून एक भाग चेहऱ्यांचा आणि महिन्यातून एक भाग नुसत्या आवाजांचा, पडद्यावर काळी पाटी आणि खाली मराठी उपशीर्षकं, एवढ्याने कुठली वाहिनी बुडत नाही. आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीना वहिनी कसे दिसतात हे बहुसंख्य श्रोत्यांना वर्षानुवर्षं माहीत नव्हतं, तरी ते घरोघरी ओळखीचे होते. लोक बघितल्याशिवाय ऐकत नाहीत, हे विधान मराठी श्रोत्याबद्दल अजून कुणी नीट तपासून पाहिलेलं नाही. ते गृहीत धरून स्टुडिओ सजवले गेले आहेत, आणि त्या दिव्यांच्या उजेडात दुसऱ्या खुर्चीवर कोण बसू शकणार नाही हे स्टुडिओचं भाडं ठरतानाच ठरलेलं असतं.