शीर्षकातला ‘की’

सिनॉप्सिसच्या शीर्षकात एक एकाक्षरी शब्द फार गोंधळ घालतो: ‘की’. ‘ख्रिस्ती मिशनरी : साम्राज्याचे हस्तक की उद्धारक?’, ‘धर्मांतरित समाज : राजनिष्ठ की राष्ट्रवादी?’ पेटची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांत अशी शीर्षकं हमखास सापडतील. ऐकायला जोरदार असतात, आरआरसीसमोर वाचायलाही बरी वाटतात. पण उत्तराला दोनच खुर्च्या मांडून ठेवल्या की तिसरीकडे उभा असलेला माणूस आपल्याला दिसतच नाही. शिवाय दोनपैकी एक खुर्ची निवडली की खात्री फार लवकर येते. ती पुराव्यातून आलेली नसते, शीर्षकाने दिलेली असते.

आपल्या छावणीपासूनच बघा. इथे हैदराबाद काँटिंजंटची फौज होती. खर्च निजामाच्या नावावर, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. या फौजेच्या खर्चाची बाकी चढली म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. जून १८५७ मध्ये इथल्याच घोडदळात बंडाळी झाली. १९०३ मध्ये काँटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झालं. आता अशा जागी राहणारा, रविवारी चर्चला जाणारा माणूस ‘सत्तेच्या बाजूचा’ होता का, असं तुम्ही विचारलंत, तर मी आधी विचारीन: कोणत्या सत्तेच्या? निजामाच्या, रेसिडेंटच्या, पलटणीच्या कर्नलच्या, की मिशनच्या? (हा ‘की’ चालतो. इथे दारं दोनपेक्षा जास्त आहेत.)

हे नीट समजायला पंडिता रमाबाईंचं उदाहरण घेऊ, कारण त्यांचे कागद भरपूर आहेत. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. ‘हस्तक’वाल्यांना एवढ्यावरच निकाल लागल्यासारखा वाटतो. पण पुढच्या दोन-तीन वर्षांतली पत्रं वाचा. ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारी राहिल्या. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी घातला. त्रैक्याचा सिद्धांत चर्च सांगतं म्हणून मुकाट्याने मानायला त्यांनी नकार दिला. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. रमाबाईंनी त्यावर जे उत्तर दिलं ते आजही वाचताना कान तापतात. ज्या घरात जेवत होत्या, त्याच घराशी हे भांडण होतं.

इथे थोडं थांबा, कारण संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही आहे. ही पत्रं आपल्याला मिळतात ती ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या संग्रहात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये छापला. पण पत्रं मुळात जमवली आणि लावली ती सिस्टर जेराल्डिन यांनी, म्हणजे रमाबाई जिच्याशी सर्वांत जास्त भांडल्या तिनेच. मधूनमधून जेराल्डिनबाईंचे शेरेही आहेत आणि त्यांत रमाबाई हट्टी, अहंकारी ठरतात. म्हणून ‘रमाबाई स्वभावाने बंडखोर’ असं वाक्य लिहिताना जपून. ते विधान तुमचं आहे की जेराल्डिनबाईंच्या नाराजीचीच उलटी बाजू, हे आधी तपासा. विरोधकाने जपलेला कागद वापरू नये असं नाही. तो कुणी जपला, कशासाठी जपला, हे मात्र तुमच्या प्रकरणात आलं पाहिजे. तळटीपेत लपवू नका.

पुढे पुणं. १८९३ मध्ये शारदासदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातोय म्हणून गदारोळ झाला. ‘केसरी’ने झोडपलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळीही बाजूला झाली. इथपर्यंत चित्र ठरलेल्या साच्यात बसतं: एकीकडे टिळक, दुसरीकडे परदेशी पैशावर चालणारी ख्रिस्ती संस्था. पण १८९७ मध्ये प्लेग आला, गोरे शिपाई घरं तपासायला लागले, आणि रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर तक्रार केली की प्लेगच्या व्यवस्थेत बायकांची काळजी घेतली जात नाही. तक्रारीत त्यांच्याच आश्रयातल्या मुलीची हकीकत होती. सरकारला हे रुचलं नाही. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. म्हणजे चार वर्षांपूर्वी एकमेकांसमोर उभे असलेले दोघे प्लेग कमिटीबद्दल तक्रार करताना एकाच बाजूला दिसतात, आणि तरी एकमेकांचे होत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग ‘दोन्हीही होतं’ असं लिहून टाकू. मला हे उत्तर ‘हस्तक की उद्धारक’पेक्षाही कच्चं वाटतं. त्यात नम्रता दिसते, पण काहीच सांगितलेलं नसतं. रमाबाई अर्ध्या सरकारच्या आणि अर्ध्या विरोधातल्या नव्हत्या. चर्चशी त्या श्रद्धेच्या अधिकारावरून भांडल्या, पुण्याच्या पुढाऱ्यांशी विधवांवरून, सरकारशी बायकांच्या अब्रूवरून. अमेरिकेतल्या देणगीदारांशी मात्र त्यांना जपून वागावं लागलं, कारण शारदासदनाचा खर्च तिथून यायचा. प्रत्येक ठिकाणी सत्ता वेगळी, भांडण वेगळं, किंमत वेगळी. हे एकेक करून लिहायला वेळ लागतो. पीएच.डी.ला तेवढी वर्षं देतात ती त्यासाठीच, असं समजायला हरकत नाही.

आणि रमाबाईंवरून लगेच ‘मराठी ख्रिस्ती समाज सत्तेला निर्भीड होता’ असंही म्हणू नका. त्या संस्कृत जाणणाऱ्या ब्राह्मण होत्या. बिशपला उलट लिहिण्यासाठी लागणारी भाषा, ओळखी आणि नाव त्यांच्याजवळ होतं. मिशनच्या पगारावर शाळा चालवणारा मास्तर, साहेबाच्या बंगल्यावरचा नोकर, गावकुसाबाहेरून आलेलं कुटुंब यांच्याजवळ ते नव्हतं. बाबासाहेबांनी भारतीय ख्रिश्चनांच्या स्थितीवर जे लिहून ठेवलंय (त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते आहे) त्यात रोख नेमका इथे आहे: मिशनवर अवलंबून असलेला समाज अन्यायाबद्दल राजकीय आवाज उठवत नाही. टीका कडक आहे. तिच्याशी वाद घालता येईल, पण वगळून पुढे जाता येणार नाही. मिलिंद महाविद्यालय असलेल्या शहरात तर नाहीच.

हा नुसता जुन्या कागदांचा प्रश्न नाही. अनुसूचित जातींबाबतचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आधी फक्त हिंदूंसाठी होता. त्यात १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर आहे. ‘दलित की ख्रिस्ती’ हा ‘की’ सिनॉप्सिसमधला नाही, दाखल्यावरचा आहे. तुमच्या प्रबंधातलं एक ढिसाळ वाक्य उद्या कुणीतरी त्याच्या बाजूने किंवा विरोधात वापरू शकतं.

तेव्हा शीर्षक बदलून बघा. ‘धर्मांतरित समाज : राजनिष्ठ की राष्ट्रवादी?’ ऐवजी ‘प्लेगच्या काळातील सरकारी उपायांबद्दल मराठी ख्रिस्ती नियतकालिकांतील लेखन, १८९६ ते १८९९’. कंटाळवाणं वाटतंय? वाटू दे. गाईड पहिला प्रश्न विचारतील, कागद कोणते? तेव्हा ‘ज्ञानोदय’पासून सुरुवात करा. ते १८४२ पासून निघतंय, त्यामुळे त्या वर्षांपुरते अंक वाचायलाच तुमचे पहिले सहा महिने जातील.