ढोलकपूरचा भीम आणि बंधुतेचा प्रश्न

मुलांच्या करमणुकीकडे आपल्या समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. दलित साहित्याची चळवळ कविता, कथा, आत्मकथन यांत गुंतली. ते स्वाभाविकच होते. परंतु आपल्या वस्त्यांतील मुले रोज जे पाहतात त्यातूनच माणसामाणसांतील नात्याची कल्पना त्यांच्या मनात आकार घेते. म्हणून ‘छोटा भीम’ या चित्रमालिकेविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशनची, राजीव चिलका यांनी निर्माण केलेली ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. एकदा छत्रपती संभाजीनगरच्या भीमनगरात बहिणीच्या घरी ती चालू असताना भाच्याने मला विचारले, “मामा, ह्यो आपलाच भीम हाय का?” भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. मी म्हणालो, “नाही रे, हा महाभारतातला.” उत्तर दिले खरे, पण ते मलाच अपुरे वाटले.

कारण हा भीम महाभारतातलाही राहिलेला नाही. निर्मात्यांनी भीमाचे नाव, बळ आणि भूक तेवढी घेतली. युधिष्ठिर, अर्जुन, नकुल, सहदेव हे जन्माचे भाऊ मात्र मागे ठेवले. त्यांच्या जागी चुटकी, राजू, जग्गू माकड, कालिया आणि ढोलू-भोलू आले. यांचे आपसांत नाते आहे ते रक्ताचे नव्हे. ते एकत्र खेळण्याचे, एकत्र लाडू खाण्याचे आणि संकटात एकमेकांसाठी धावण्याचे आहे. मालिकेची ही बाजू मला मोलाची वाटते.

मूळ कथेशी ताडून पाहा. आदिपर्वातील रंगमंडपात कर्ण अर्जुनासमोर उभा राहतो, आणि त्याचा पिता अधिरथ तेथे येताच भीमच त्याला सूतपुत्र म्हणून हिणवतो, शस्त्र टाकून चाबूक धरायला सांगतो. ज्याला तो हिणवतो तो त्याचाच थोरला भाऊ असतो. हे नाते पांडवांना कळते ते कर्ण रणांगणावर पडल्यानंतर. रक्त एक असूनही जातीच्या समजुतीने भाऊ परका ठरतो. उलट ढोलकपूरचा भीम रक्ताचा काहीही संबंध नसलेल्या कालियाला संकटातून सोडवतो आणि साहसाला बरोबर नेतो. जग्गू तर माणूसही नाही, तरी तो सोबती आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी करुणेच्याही पुढे नेऊन सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचवलेली मैत्री येथे मला अंधुकशी दिसते.

परंतु एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ही बंधुता कोणाच्या अटींवर उभी आहे? कालियाला सोबत घेतले जाते, पण कशासाठी? हरण्यासाठी आणि हसे करून घेण्यासाठी. त्याचे नावच काळ्या रंगावरून पडलेले. त्याच्या हेव्यामागे काय सलते, हे मालिका सहसा विचारीत नाही. ढोलू-भोलूंना तर एकमेकांपासून वेगळे अस्तित्वच नाही. चुटकी शूर आहे. तरी भीमाला बळ देणारे लाडू तिच्या आईच्या, टुनटुन मौसीच्या दुकानातून यायचे आणि पराक्रमाचा मान भीमाला मिळायचा, ही वाटणी कायम राहते. बलवानाने दुबळ्याला वाचवणे हे उपकाराचे नाते झाले. बंधुतेत दुबळ्यालाही बोलण्याचा आणि रागावण्याचा हक्क असावा लागतो.

ढोलकपूरला वेस आहे की नाही, गावकुसाबाहेर कोण राहते, हेही कधी दिसत नाही. कोणी म्हणेल, मुलांना जातीचे दुःख कशाला दाखवायचे? माझा आग्रह दुःख दाखवण्याचा नाही. मात्र भेद झाकले म्हणून बंधुता निर्माण होत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगापेक्षा खोल जाणार नाहीत. जातींना त्यांनी राष्ट्रविरोधी म्हटले तेही त्याच भाषणात.

या रंगाची खोली मला पुढे भाच्यानेच दाखवली. शाळेत मुले ‘छोटा भीम’ खेळतात. त्याला एकदाही भीम होऊ दिले नाही. रोज कालियाच केले. “मी काळा हाय म्हणून,” तो म्हणाला. त्याची वस्ती कोणती हेही मुलांना ठाऊक होते. ज्याच्या घरी भीमाच्या नावाचा रोज जयघोष होतो त्या मुलाला खेळातही ते नाव मिळू नये! हा दोष एकट्या मालिकेचा नाही. मुले समाजाकडून शिकतात. पण मालिकेने त्यांना कालिया नावाची तयार जागा दिली, हे नाकारता येणार नाही.

म्हणून मालिका बंद करा अशी मागणी मी करणार नाही. जन्माने नव्हे तर सोबतीने भाऊ होता येते, एवढे ती मुलांना शिकवते, आणि ते थोडे नाही. पुढचे काम आपले आहे. आपल्या लेखकांनी आणि चित्रकारांनी मुलांसाठी अशी साहसे रचावीत, ज्यांत कालियाला स्वतःचे नाव असेल, भीमाला त्याची क्षमा मागावी लागेल आणि खेळात कोण काय होणार हे सगळे मिळून ठरवतील. शिक्षकांनी तर त्यासाठी थांबण्याचेही कारण नाही. मधल्या सुटीत कोणाला रोज कालिया व्हावे लागते, एवढे त्यांनी उद्याच पाहावे.