गणिताची गोळी आणि शिक्षकाची वही

वर्गात साठ मुले असली तर दोन-तीन मुले अशी निघतातच. बाकावर बसून बसत नाहीत, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतात, उदाहरण अर्धे सोडून खिडकीबाहेर पाहतात, रोज एक पेन्सिल हरवतात. आपण त्यांना 'वांड' म्हणून मोकळे होतो. त्यांतल्या काहींना डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात तो विकार असतो, म्हणजे अवधान न टिकणे आणि अतिचंचलता. जगभरच्या पाहण्यांचा एकत्र हिशेब २००७ साली मांडला गेला. त्यात मुलांमधले हे प्रमाण सुमारे पाच टक्के निघाले.

असे निदान झाले की पालक शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, गोळी द्यावी का? आणि कोणती?" पहिल्या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे आहेत. एक, लेकराला असले विष देऊ नका. दुसरे, द्या, म्हणजे मार्क वाढतील. दोन्ही उत्तरे प्रयोगांच्या कसोटीवर टिकत नाहीत. ती का टिकत नाहीत हे या विषयातले तीन महत्त्वाचे प्रयोग चिकित्सकपणे वाचल्यावर कळते.

पहिला प्रयोग : १९३७

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी तीस मुलांना आठवडाभर बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध दिले. उत्तेजक दिल्यावर चंचल मूल आणखी उधळेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले उलटेच. तीसपैकी चौदा मुलांच्या शाळेतल्या कामात ठळक सुधारणा दिसली. मुले त्या औषधाला 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली.

शोध मोठा होता, पण प्रयोग कच्चा होता. तुलनेसाठी निष्क्रिय गोळी घेणारा गट नव्हता. कोणाला काय दिले हे निरीक्षकांना ठाऊक होते. शिवाय आठवडाभरात मुले जास्त उदाहरणे सोडवू लागली, म्हणजे त्यांना जास्त गणित येऊ लागले, असे मानले गेले. या शेवटच्या गृहीताची नीट परीक्षा व्हायला पंचाऐंशी वर्षे लागली.

मधल्या काळात स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लेआंद्रो पानिझॉन यांनी १९४४ साली मिथाइलफेनिडेट तयार केले. आज या विकारावर जगात सर्वात जास्त अभ्यासलेले औषध हेच. मेंदूतील चेतापेशी डोपामीन आणि नॉरअॅड्रिनलीन ही रसायने सोडतात आणि पुन्हा शोषून घेतात. मिथाइलफेनिडेट हे पुन्हा शोषणे अडवते. त्यामुळे ती रसायने दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहतात आणि हातातल्या कामाला चिकटून राहणे मुलाला सोपे जाते. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो, सावकाश विरघळणाऱ्या प्रकारांचा आठ ते बारा तास.

दुसरा प्रयोग : १९९९

५७९ मुलांवर चौदा महिने चाललेला, एमटीए या नावाने ओळखला जाणारा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाची काटेकोर योजना, वर्तनोपचार, दोन्ही मिळून, आणि गावातल्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार असे चार गट होते. मुख्य लक्षणांच्या बाबतीत औषधाची काटेकोर योजना वर्तनोपचारापेक्षा सरस ठरली, ही बातमी सर्वत्र गाजली. तिच्या आड दुसरी, आपल्या अधिक कामाची गोष्ट झाकली गेली.

नेहमीच्या उपचारांच्या गटातील सुमारे दोन तृतीयांश मुलेही गोळ्या घेतच होती. तरीही त्यांची प्रगती काटेकोर योजनेतल्या मुलांपेक्षा कमी होती. औषधे बहुतांशी तीच, मग फरक कशाने पडला? काटेकोर योजनेत पहिले अठ्ठावीस दिवस प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या मात्रा आणि मधून मधून निष्क्रिय गोळी दिली गेली. आज कोणती गोळी आहे हे ना मुलाला ठाऊक, ना आईवडिलांना, ना शिक्षकांना. शिक्षक आणि पालक रोज मुलाच्या वागण्याला गुण देत. महिनाअखेर त्या गुणांचे आलेख पाहून मात्रा ठरली आणि पुढे दरमहा तपासणी होत राहिली.

योग्य औषध शोधणे म्हणजे हेच. मिथाइलफेनिडेटची योग्य मात्रा मुलाच्या वजनावरून नेमकी सांगता येत नाही. तीस किलोच्या दोन मुलांपैकी एकाला पाच मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला पंधराही अपुरे पडतात. म्हणून थोड्यापासून सुरुवात करून पायरीपायरीने चढायचे आणि प्रत्येक पायरीवर मोजायचे. एक औषध लागू पडले नाही तर दुसरे पाहायचे. अॅटोमॉक्सेटीन हे उत्तेजक नसलेले औषध वजनाच्या हिशेबाने देतात, पण त्याचा पुरता परिणाम दिसायला कित्येक आठवडे जातात. आठ दिवसांत ते 'निकामी' ठरवून बंद करणे हा अन्याय होतो.

या अभ्यासाचा पुढचा भागही वाचायला हवा. तीन वर्षांनी गटांमधला फरक उरला नाही, असे २००७ साली जाहीर झाले. त्याच पाहणीत, नव्याने सुरू करून औषध सतत घेणाऱ्या मुलांची उंची औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी दोन सेंटिमीटर कमी भरली. म्हणजे औषध विष नाही, पण ते एकदा सुरू करून विसरून जाण्याची गोष्टही नाही.

तिसरा प्रयोग : २०२२

फ्लोरिडातील विल्यम पेलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. औषधाने मूल जास्त शिकते का? सात ते बारा वर्षांची १७३ मुले उन्हाळी शिबिरात आणली गेली. तीन आठवडे शब्दसंग्रह, विज्ञान आणि समाजशास्त्राचे नवे धडे शिकवले, मग आणखी तीन आठवडे दुसरे धडे. प्रत्येक मुलाला एका टप्प्यात औषध मिळाले, दुसऱ्यात निष्क्रिय गोळी. अशा रीतीने प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली.

औषधावर असताना मुलांनी मिनिटाला ३७ टक्के अधिक गणिते सोडवली. वर्गाचे नियम मोडणे तासाला ५३ टक्क्यांनी घटले. कोणत्याही शिक्षकाला हा चमत्कारच वाटेल. पण नवे शब्द आणि धडे मुलांनी गोळी असताना जितके आत्मसात केले, जवळपास तितकेच गोळी नसतानाही केले. परीक्षेच्या दिवशी औषध घेतले तर विज्ञान आणि समाजशास्त्रात शंभरात सरासरी १.७ गुणांचा फरक पडला. ब्रॅडलींच्या गृहीताला मिळालेले हे उत्तर आहे. हातून होणारे काम वाढले म्हणजे शिकणे वाढले असे नाही.

तरी या प्रयोगाच्याही मर्यादा आहेत. वर्गात दहा-पंधरा मुले होती. शिकवणे तीन आठवड्यांचे होते, वर्षभराचे नव्हते. लहान गटात, जवळून लक्ष देऊन शिकवले तर चंचल मूलही शिकते, हे त्यातून दिसते. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाबद्दल तो प्रयोग काही सांगत नाही. 'गोळीने शिक्षण होत नाही' असे वाक्य त्यातून उचलून पालकांना ऐकवणे चूक ठरेल. मार खाणारे, मित्र गमावलेले, रस्त्यावर बेभान धावणारे मूल औषधाने सावरत असेल, तर तो लाभ गुणपत्रिकेत दिसत नसला तरी खराच असतो.

आपल्याकडे काय होते?

लातूरने सराव परीक्षांच्या जोरावर नाव कमावले. 'लातूर पॅटर्न' हा शब्दच रूढ झाला आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांनीही तीच वाट धरली. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, रात्री टेस्ट. अशा दिनक्रमात औषध 'योग्य' ठरवण्याचे माप आपोआप बदलते. मूल गप्प बसले आणि टेस्टमध्ये जास्त प्रश्न सोडवले की औषध लागू पडले. रात्रीच्या शिकवणीसाठी संध्याकाळी आणखी एक मात्रा दिली, तर मुलाची झोप जाते. झोप गेली की दुसऱ्या दिवशी ते अधिक अस्वस्थ दिसते आणि मात्रा वाढवण्याचा आग्रह सुरू होतो. माप चुकले की औषधही चुकते.

निदानातही घाई नको. देगलूर आणि किनवट भागात घरी तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे काही घरी कन्नड, तांड्यावर बंजारा बोली बोलली जाते. पहिलीतल्या मुलाला मराठी कळत नसेल तर तेही खिडकीबाहेरच पाहणार. कमी ऐकू येणे, चष्मा लागलेला असणे, अपुरी झोप यांनीही मूल असेच दिसते. लक्षणे घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी, सहा महिन्यांहून अधिक काळ दिसली पाहिजेत. केवळ गणिताच्या तासाला दिसणारी चंचलता हा बहुधा गणिताच्या तासाचा दोष असतो.

औषध मिळवणेही सोपे नाही. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे औषध नियमावलीच्या 'एक्स' अनुसूचीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. त्यासाठी वेगळा परवानाही लागतो, म्हणून सगळी दुकाने ते ठेवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश करण्याची मागणी २०१९ आणि २०२१ साली नाकारली. दीर्घकालीन लाभाचा पुरावा पुरेसा भक्कम नाही, हे एक कारण होते. दुसरीकडे, १३३ प्रयोगांचा २०१८ साली एकत्र विचार करणाऱ्या अभ्यासाने मुलांसाठी, अल्पकाळापुरती, पहिली पसंती याच औषधाला दिली होती. दोन्ही निर्णय आपापल्या जागी सुसंगत आहेत, कारण त्यांनी विचारलेले प्रश्न निराळे होते. पण त्यामुळे किनवटच्या पालकांची निवड औषधाच्या गुणावर न होता दुकानात काय मिळते यावर होण्याचा धोका राहतो.

दरमहा तपासणीचे तेच. नांदेडजवळ विष्णुपुरीला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब. तपासणी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. एमटीएमध्ये जो फरक पडला तो दरमहाच्या तपासणीसह, आणि नेमकी तीच येथे गळते.

शिक्षकाची वही

येथे शिक्षकाचे काम सुरू होते. डॉक्टर मुलाला पंधरा मिनिटे पाहतात, शिक्षक पाच-सहा तास. त्या अठ्ठावीस दिवसांच्या प्रयोगात सर्वात महत्त्वाचे उपकरण शिक्षक हेच होते. वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा : बाकावरून किती वेळा उठला, हाती घेतलेले काम किती वेळा पुरे केले, इतर मुलांशी कसा वागला, खिचडी किती खाल्ली, आणि काल शिकवलेले आज किती आठवते. चौथा रकाना विसरू नका. सकाळी घेतलेल्या औषधाने भूक मंदावते ती नेमकी पोषण आहाराच्या वेळी. पाचवा तर मुळीच विसरू नका. गोळी मुलाला बसवू शकते, पण बसलेल्या मुलाला काय शिकवायचे ते गोळीत नसते.

औषध सुरू होण्यापूर्वीचे दोन आठवडे आणि नंतरचे चार आठवडे एवढी नोंद पालकांबरोबर डॉक्टरांकडे पाठवा. औषधाचे नाव सुचवू नका, बंद करायला सांगू नका, आणि 'गोळी दिली तरच वर्गात बसवीन' असे तर कधीच म्हणू नका. निदान आणि मात्रा हे डॉक्टरांचे काम आहे. पण औषध योग्य आहे की नाही हे ज्या पुराव्यावर ठरते, तो बराचसा वर्गातच तयार होतो. तो पुरावा आपण लिहून ठेवला नाही, तर डॉक्टरांना अंदाजावर चालावे लागेल, आणि त्या अंदाजाची किंमत ते मूल मोजेल.