पुनर्वापरित हृदययंत्रे आणि मुंबईतील संशोधन : एक चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना :

हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याच्या विकारांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन प्रकारचे उपचार विकसित झाले. पहिला ॲब्लेशनचा. यात रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन लय बिघडविणारा सूक्ष्म भाग उष्णतेने किंवा अतिशीत तापमानाने निकामी केला जातो. दुसरा यंत्रारोपणाचा. ठोके मंदावत असल्यास पेसमेकर बसविला जातो आणि जीवघेणे जलद ठोके सुरू होण्याचा धोका असल्यास आतूनच विद्युत् धक्का देणारे आयसीडी हे यंत्र बसविले जाते. या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. ॲब्लेशन यशस्वी झाले तर शरीरात काही मागे उरत नाही. यंत्र मात्र रुग्णाशी आयुष्यभराचे नाते जोडते. १९५८ साली स्वीडनमध्ये अर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविला गेला. तो काही तासच चालला. लार्सन २००१ पर्यंत जगले, परंतु त्यासाठी त्यांना वीसहून अधिक वेळा यंत्रे बदलावी लागली. यंत्रोपचाराचे यश एका शस्त्रक्रियेत नव्हे, तर त्यानंतरच्या अखंड देखरेखीत असते, हे या पहिल्या उदाहरणातूनच स्पष्ट होते.

या पार्श्वभूमीवर, अमेरिकेत एकदा वापरलेली यंत्रे निर्जंतुक करून मुंबईतील गरीब रुग्णांना बसविण्याच्या संशोधनाचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे. हे परीक्षण वैद्यकीय सल्ल्याच्या भूमिकेतून नसून संशोधनपद्धती आणि सामाजिक न्याय या दोन अंगांनी केलेले आहे.

संशोधनाचे स्वरूप :

या संदर्भात २०१२ साली प्रसिद्ध झालेले दोन शोधनिबंध महत्त्वाचे आहेत. पहिला पेसमेकरविषयी आहे. दहनाच्या उष्णतेने पेसमेकरच्या बॅटरीचा स्फोट होऊ शकतो, म्हणून अंत्यसंस्कारापूर्वी तो शरीरातून काढला जातो. अमेरिकेतील अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांकडून असे १२१ पेसमेकर दानरूपाने जमविण्यात आले. त्यांपैकी पुरेशी बॅटरी शिल्लक असलेले ५३ पेसमेकर मुंबईतील ५३ गरजू रुग्णांना बसविण्यात आले. दुसरा निबंध आयसीडीविषयी असून तो ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बेहजाद पावरी, यश लोखंडवाला आदी संशोधकांच्या या अभ्यासात तीन वर्षे वा अधिक बॅटरी शिल्लक असलेली १०६ यंत्रे ८१ रुग्णांना बसविल्याची नोंद आहे. सरासरी पाठपुरावा सुमारे सव्वादोन वर्षांचा होता. या काळात जंतुसंसर्ग आढळला नाही आणि निम्म्याहून अधिक, म्हणजे ४४ रुग्णांच्या बाबतीत यंत्राने योग्य वेळी उपचार दिला.

या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. ज्या रुग्णांपुढे नव्या यंत्राचा पर्यायच नव्हता, त्यांना ते मिळाले. ‘वापरलेले ते अशुद्ध’ या समजाला प्रत्यक्ष नोंदींनी उत्तर दिले गेले, हेही महत्त्वाचे. तथापि एखादे संशोधन उदात्त हेतूने झाले म्हणून त्याच्या निष्कर्षांची कक्षा आपोआप विस्तारत नाही.

पद्धतीची चिकित्सा :

पहिला मुद्दा तुलनागटाचा. आयसीडीची उपयुक्तता सिद्ध करणाऱ्या ‘मॅडिट-२’ या २००२ च्या चाचणीत १,२३२ रुग्ण होते व यंत्र न बसविलेला स्वतंत्र गट होता. मुंबईच्या अभ्यासात असा गट नाही. मात्र येथे टीकाकाराने सावध राहिले पाहिजे. गरिबाला जाणीवपूर्वक यंत्राविना ठेवून तुलना करणे अनैतिक ठरले असते. म्हणून तुलनागटाचा अभाव हा दोष न मानता निष्कर्षाची मर्यादा मानणे योग्य होईल.

दुसरा मुद्दा ‘योग्य उपचार’ या मोजमापाचा. यंत्राने ४४ रुग्णांना उपचार दिला म्हणजे ४४ प्राण वाचले, असे समीकरण मांडता येत नाही. काही वेळा जलद ठोक्यांची लाट आपोआपही ओसरते. यंत्र चालू स्थितीत होते, एवढे या आकड्यातून निर्विवाद सिद्ध होते.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. रुग्ण ८१ आणि यंत्रे १०६, या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. वापरलेल्या यंत्राची बॅटरी मुळातच अर्धवट खर्च झालेली असते, त्यामुळे यंत्र लवकर बदलावे लागते. यंत्र बदलणे म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया, आणि प्रत्येक पुनर्शस्त्रक्रियेबरोबर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मोफत मिळालेल्या यंत्राचे मोल रुग्ण अशा रीतीने पुढे चुकवीत असतो.

यानंतरचे संशोधन संख्येने मोठे आहे. २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील संशोधकांच्या अभ्यासात पुनर्वापरित यंत्रांचे १,०५१ रुग्ण आणि नव्या यंत्रांचे ३,१५३ रुग्ण यांची तुलना आहे. दोन वर्षांत जंतुसंसर्गाचे प्रमाण अनुक्रमे २ टक्के व १.२ टक्के आढळले. हा फरक लहान आहे. शिवाय एक गट लॅटिन अमेरिकेतील देशांचा आणि दुसरा कॅनडाचा असल्याने तो केवळ यंत्रामुळे पडला असे म्हणता येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या बहुदेशीय चाचणीचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडले गेले. तेही अनुकूल आहेत, परंतु ते शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ९० दिवसांचे आहेत. यंत्र स्वच्छ आहे काय, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने बळकट होत गेले. यंत्राची जबाबदारी पुढे कोणाची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पाठपुराव्याचा प्रश्न :

आयसीडीची तपासणी साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी व्हावी लागते. ती करणारे उपकरण प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. दानात आलेली यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची असल्यास ती सर्व तपासण्याची सोय एका ठिकाणी हवी. मुंबईत हे शक्य आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील पाटोद्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून विचार केला की चित्र पालटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. वर्षातील पाच-सहा महिने ज्याचा पत्ता फडाबरोबर बदलतो, त्या रुग्णाचा पाठपुरावा कोणत्या रुग्णालयाने, कोणत्या नोंदवहीत करावयाचा? शोधनिबंधांत पाठपुराव्याची सरासरी मिळते. तपासणीस येऊ न शकलेला रुग्ण त्या सरासरीत दिसत नाही.

येथे २००५ सालची एक घटना विचारात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील गायडंट कंपनीला त्या वर्षी आयसीडीच्या काही नमुन्यांतील बिघाडामुळे ते परत मागवावे लागले. अशी सूचना कंपनीकडे नोंद असलेल्या रुग्णाला पोहोचते. परंतु यंत्र मूळ मालकाच्या देहातून निघून हजारो मैलांवरील दुसऱ्या देहात गेले असेल तर ती सूचना कोणाला मिळणार? निर्जंतुकीकरण कितीही निर्दोष असले तरी या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत सापडणार नाही.

नैतिक बाजू :

ज्या अमेरिकेतून ही यंत्रे आली, तेथेच ती दुसऱ्या रुग्णाला बसविण्याची मुभा नाही. त्यांवर एकदाच वापरण्याची अट असते. मग तेथे जे अमान्य, ते येथे मान्य का? ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ते कायमचे उत्तर मानले तर गरिबासाठी पुराव्याची वेगळी, कमी उंचीची पट्टी आपण मान्य केल्यासारखे होते. शिवाय ‘काहीच नसणे’ ही नैसर्गिक आपत्ती नाही, ते धोरणाचे फलित आहे. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. पेसमेकर बसविण्याची शस्त्रक्रिया अशा योजनेतून होऊ शकते, ही वस्तुस्थिती पुनर्वापराच्या युक्तिवादाला आपली भूमिका पुन्हा तपासून पाहावयास लावते.

निष्कर्ष :

मुंबईतील संशोधनाने पुनर्वापरित यंत्र चालते, हे दाखविले. ते नाकारण्याचे कारण नाही. ही पद्धत तात्पुरता आधार म्हणून स्वीकारार्ह आहे, सार्वजनिक जबाबदारीला पर्याय म्हणून नव्हे. यापुढील संशोधनाने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक पुनर्वापरित यंत्राची व ते धारण करणाऱ्या रुग्णाची कायमस्वरूपी नोंदवही ठेवावी. उरलेली बॅटरी आणि संभाव्य पुनर्शस्त्रक्रिया यांची माहिती देणारे संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असावे. आणि पाठपुराव्यातून गळालेल्या रुग्णांची संख्या व त्यामागील कारणे निष्कर्षांइतक्याच ठळकपणे मांडावीत. यंत्राची परीक्षा बहुतांशी पूर्ण झाली आहे. ते बसविणाऱ्या व्यवस्थेची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे.