राजपुत्र आणि वीट

सेसिल बी. डिमिल यांचा ‘द टेन कमांडमेंट्स’ हा १९५६ सालचा चित्रपट २०११ साली ब्लू-रे तबकडीवर आला. आम्ही तो नुकताच बदलीच्या गावी, सरकारी क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत, दोन रात्रींत पाहिला. साडेतीन तासांहून लांब असलेली ही कथा मध्यंतरापाशी तोडणे सोयीचे होते; आणि त्या सोयीमुळेच तिचे दोन भाग किती भिन्न प्रकृतीचे आहेत, हे आमच्या ध्यानात आले.

पहिल्या रात्रीचा मोझेस राजपुत्र असला, तरी आम्हांस तो कामावरचा अधिकारीच वाटला. फारो सेठीसाठी नगर उभारण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. देवळाच्या कोठारातील धान्य तो गुलामांना वाटतो, सात दिवसांतून एक दिवस त्यांना विसावा देतो. रामसेस सेठीदेखत एकेका आरोपासरशी तराजूत एकेक वजन टाकतो; मोझेस दुसऱ्या पारड्यात एक वीट टाकतो आणि ते पारडे खाली जाते. उपाशी मजुरांच्या हातून विटा पडत नाहीत, एवढाच त्याचा जबाब!

पुढे आपला जन्म गुलामांच्या कुळातला आहे, हे त्याला कळते. नेफ्रेतिरीचा युक्तिवाद बिनतोड आहे : सिंहासनावर बसलास, तर याच लोकांचे अधिक भले करशील. मोझेस तरीही विटांच्या चिखलात उतरतो. खुर्चीवर राहून भले करावे की खुर्ची सोडावी, हा प्रश्न फायलींपुढे बसणाऱ्या कोणास परका आहे? आम्ही स्वतः नेफ्रेतिरीचाच पक्ष आजवर घेत आलो, हे कबूल केले पाहिजे. आणि त्या पक्षाची अधोगती कोठवर होते, हे दाथान दाखवितो. स्वकीयांच्या चहाड्या करून पद व घर मिळविणारा हा मुकादम एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी अगदी ओळखीचा करून सोडला आहे.

मध्यंतरापूर्वी जळते झुडूप बोलते, आणि तेथून नायकाला ठरविण्याजोगे काही उरत नाही. ‘निर्गम’ ग्रंथातील मोझेस देवाशी वाद घालतो, दुसऱ्या कोणास पाठव असेही विनवितो. येथे ती घासाघीस दोन-चार वाक्यांत उरकली आहे. त्यानंतर चार्ल्टन हेस्टन यांची मुद्रा शिल्पासारखी स्थिर होते. समुद्र दुभंगण्याच्या दृश्यासाठी टाक्यांतून पाणी लोटून ते चित्रण उलटे फिरविले होते. या चित्रपटाच्या दृश्यचमत्कारांना ऑस्कर मिळाले, ते योग्यच. परंतु मोठ्या पडद्यावर ज्याने डोळे दिपतात, तो समुद्र खोलीत मावेल एवढा झाला की मागची पोकळी दिसू लागते. उत्तरार्धात माणूस म्हणून जवळचा वाटतो तो रामसेस : मृत पुत्राला देवमूर्तीच्या हातांवर ठेवणारा यूल ब्रिनर.

ज्यांस सवड थोडी आहे, त्यांनी मध्यंतरापर्यंत अवश्य पाहावे. समुद्र मुलांसाठी ठेवावा. ती वीट मात्र आपल्यासाठी आहे.