लोणारचा गुलाबी रंग आणि राहून गेलेली गोष्ट

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्यावर पुष्कळ लिहिले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग खारट पाण्यात राहणाऱ्या आर्किया गटातील सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. बाष्पीभवनाने खारटपणा वाढला आणि या जीवांचे फावले. आमच्या वाचनात आलेले बहुतेक लेख येथेच थांबले. आमची तक्रार या थांबण्याबद्दल आहे. रंग कोणाचा हे कळले. पण या कुळात प्रकाशाकडून कोणते काम करून घेतले जाते, ते राहूनच गेले.

गुलाबी रंगद्रव्ये मुख्यतः प्रखर उन्हापासून संरक्षण देतात. त्यांखेरीज या कुळातील काही जीवांच्या पेशीपटलात एक जांभळे प्रथिन असते. १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी त्याला बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन असे नाव दिले. (आर्किया हा बॅक्टेरियांहून वेगळा गट आहे, हे वोझ आणि फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवले. तोवर बारसे उरकले होते!) त्यात हरितद्रव्य नाही. आहे ते रेटिनल, म्हणजे आपल्या डोळ्यातही असणारा, अ जीवनसत्त्वाचा जवळचा नातलग. प्रकाश पडला की या रेणूचा आकार बदलतो आणि एक प्रोटॉन पेशीबाहेर ढकलला जातो.

जतच्या वर्गात हे सांगताना आम्ही म्हैसाळ योजनेचा आधार घेतो. कृष्णेचे पाणी वीज खर्चून टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते, तेव्हा कुठे ते आमच्या तालुक्याकडे येते. येथे विजेच्या जागी प्रकाश आणि पाण्याच्या जागी प्रोटॉन. चढवलेले पाणी उतरताना चाक फिरवू शकते. तसेच बाहेर साठलेले प्रोटॉन आत परतताना एटीपी घडवणारे प्रथिन फिरवतात.

१९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी स्निग्ध पदार्थांच्या कृत्रिम पिशव्यांत हे जांभळे प्रथिन बसवले, आणि शेजारी बैलाच्या हृदयातील तंतुकणिकांतून काढलेले एटीपी घडवणारे प्रथिन. दोघांची एरवी कधी गाठ पडण्याचे कारण नव्हते. प्रकाश टाकताच एटीपी तयार झाले! दोघांतला दुवा फक्त प्रोटॉनांचा. पीटर मिचेल यांच्या सिद्धान्ताला (त्याबद्दल १९७८ चे नोबेल) याहून बोलका पुरावा शोधून सापडणार नाही. बारावीत हरितलवकाच्या आकृतीत मुले हरवतात. हा प्रयोग मात्र पाच मिनिटांत समजतो.

सूर्याची ऊर्जा सजीवांना केवळ हरितद्रव्यामार्फत मिळते, असे आपण सर्रास सांगतो. त्यातला ‘केवळ’ काढला पाहिजे. २००० साली सागरी बॅक्टेरियांतही असाच प्रोटॉन-पंप सापडला, तेव्हा हा काही मिठागरापुरता चमत्कार नाही. मात्र यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणणारे लेखकही चुकतात. येथे कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनत नाही.

खरा घोळ होतो तो मेंदूच्या संशोधनाविषयी लिहिताना. तेथे पंप आणि दरवाजा एकच समजले जातात. क्लॅमिडोमोनस या हरित शैवालातील चॅनेलऱ्होडॉप्सिन हा दरवाजा आहे. प्रकाशाने तो उघडतो आणि आयन आपापल्या उताराने वाहतात. तो चेतापेशीत बसवून २००५ मध्ये डाइसरोथ, बॉयडेन प्रभृतींनी निळ्या प्रकाशाने तिला उद्दीपित केले. उलट पेशी शांत करण्यासाठी २००७ मध्ये हॅलोऱ्होडॉप्सिन वापरले गेले. हा पंप क्लोराइड आयन आत ओढतो. तो ज्या आर्कियातून घेतला, ती इजिप्तमधल्या, लोणारसारख्याच अल्कधर्मी खारट सरोवरातली!

हा फरक शब्दच्छल नव्हे. पंप एका फोटॉनमागे फार तर एक आयन हलवतो. उघड्या दरवाजातून अनेक जातात. म्हणून पंपाला सतत आणि प्रखर प्रकाश लागतो. २०२१ मध्ये अंध रुग्णाच्या डोळ्यात वापरला तोही दरवाजाच होता. ‘अंधाला दृष्टी’ असे मथळे आले. प्रत्यक्षात खास चष्मा लावल्यावर त्याला टेबलावरची वही, पेले अशा वस्तू शोधता आणि मोजता आल्या.