बालगंधर्व : गोष्ट माहीत आहे, पण सांगतंय कोण?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य फार प्रेमाने लिहिलं होतं. मार्च १९११ मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, यावरून या नटाने स्वतःची ओळख भूमिकेत विसर्जित केली होती हे सिद्ध होतं, वगैरे. गाईडनी ‘सिद्ध होतं’खाली लाल रेघ मारली आणि शेजारी दोनच शब्द लिहिले : ‘कोण म्हणतं?’

तुमच्यापैकी जे आता पेटची तयारी करताहेत किंवा आरआरसीपुढे जायचं म्हणून विषय शोधताहेत, त्यांच्यासाठी आज हा प्रश्न जरा उलगडून सांगतो. नटाच्या आयुष्यावर काम करायचं म्हटलं की आपण सगळेच या खड्ड्यात पडतो.

ती गोष्ट खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. चरित्रं, कादंबऱ्या, २०११ चा सिनेमा, सगळीकडे ती आहे. पण ती नेहमी एकाच कामासाठी सांगितली जाते : कलेवरची निष्ठा दाखवायला. आता जरा हिशेब मांडा. १९११ साली नारायण श्रीपाद राजहंस बावीस वर्षांचे होते. गंधर्व मंडळी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ते किर्लोस्कर मंडळीत पगारी नट होते. खाडिलकरांचं नवं नाटक, मुख्य स्त्रीभूमिका, तिकिटं गेलेली. अशा रात्री नटाने रंगपट चढवला, तर तो कलेसाठी, मंडळीसाठी, की घरात बसवत नाही म्हणून? गोष्टीत याचं उत्तर नाही. उत्तर आपण घालतो. मी घातलं, आणि वर ‘सिद्ध होतं’ म्हणून मोकळा झालो.

नावाचंही तेच. लहानग्या नारायणाचं गाणं ऐकून टिळक ‘बालगंधर्व’ म्हणाले, ही गोष्ट मराठी घरात पाठ असते. नट आपल्याला भेटतो तेव्हाच त्याची ओळख दुसऱ्या कुणीतरी ठरवून ठेवलेली असते. राजहंस नावाचा माणूस त्या नावामागे कुठे राहत होता, हे विचारायला आपण थांबत नाही.

मग मी साधनांची यादी नव्याने काढली, आणि आधीच दिसायला हवी होती अशी गोष्ट आता दिसली. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून तिघे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली : बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. त्यातले बोडस ‘माझी भूमिका’ लिहून गेले. टेंबे ‘माझा जीवनविहार’ लिहून गेले. तिसऱ्याचं, ज्याच्या नावावर कंपनी होती त्याचं, असं आत्मचरित्र आपल्या हातात नाही. म्हणजे या कंपनीच्या आतली हकीकत आपण ज्यांच्याकडून ऐकतो ते दोघेही पुढे तिच्यातून बाहेर पडलेले भागीदार आहेत. दोघांची पुस्तकं मला आवडतात, टेंब्यांची भाषा तर लोभस. पण बाहेर पडलेला भागीदार जुन्या मालकाच्या उधळपट्टीबद्दल लिहितो, तेव्हा तो साक्षीदार असतो तसाच पक्षकारही असतो. वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या : त्याने पाहिलेलं एका रंगात, त्याला वाटलेलं दुसऱ्या रंगात. दुसरा रंग किती पानं खातो ते बघाच.

तुलनेसाठी गुजराती रंगभूमीवर डोकवा. जयशंकर ‘सुंदरी’ बालगंधर्वांचे समकालीन, तेही स्त्रीभूमिका करणारे, त्यांनाही भूमिकेवरूनच नाव चिकटलं. पण त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्यामुळे रंगपटातला बदल अंगात कसा उतरतो, हे तिथे नटाच्या तोंडून कळतं. बालगंधर्वांबाबत आपण ते प्रेक्षकांच्या तोंडून ऐकतो. ‘बायकाही त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या’ हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल. मीरा कोसंबींनी या काळावर इंग्रजीत सविस्तर लिहिलंय, ते जरूर वाचा. पुरुषाने घडवलेली बाई घरंदाज बाईचा नमुना कशी झाली, हा प्रश्न त्यातून नीट उभा राहतो. मला मात्र त्या वाक्याचा बोलणारा शोधायचा आहे. तो बहुतेक वेळा पहिल्या रांगेतला पुरुष निघतो. बायकांच्या आठवणी शोधणं हे तुमच्यापैकी कुणाचं तरी काम होऊ शकतं.

आता गोहरबाई. इथे मला मराठी चरित्रलेखनाचा थोडा राग येतो. ठरलेली कथा अशी : वैभव, मग कर्ज, मग गोहर कर्नाटकी आली आणि उरलंसुरलंही गेलं. पण तारखा बघा. १९३२ ला मराठी बोलपट आला. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, बाईची भूमिका बाईने केली. त्या वर्षी बालगंधर्व पंचेचाळीस वर्षांचे होते. १९३५ ला प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, पुरुषवेषात. गोहरबाई त्यांच्या नाटकांत आल्या त्या यानंतर. ज्याची सगळी कारकीर्द स्त्रीभूमिकेवर उभी, त्याच्या पायाखालची जमीन त्या येण्याआधीच सरकली होती, आणि ती सरकवणारी कुणी एक बाई नव्हती. उलट मला तर वाटतं, त्यांच्याच गायकीवर पोसलेल्या या गायिकेने नायिका व्हायचं आणि त्यांनी पुरुषपात्र घ्यायचं, ही बदललेल्या काळाशी केलेली एक तडजोडच होती. फसली असेल, पण तडजोड म्हणून तिचा अभ्यास व्हायला हवा. ‘ऱ्हास’ असं प्रकरणाचं नाव दिलं की ती दिसतच नाही.

आणि हो, गोहरबाई विजापूरकडच्या. त्यांची बहीण अमीरबाई कर्नाटकी. तिचं चरित्र रहमत तरीकेरे यांनी कन्नडमध्ये लिहिलंय. आपण फक्त मराठी साधनं वाचली तर एका मुसलमान कानडी गायिकेबद्दल पुण्या-मुंबईतल्या रसिकांचं मत तेवढं हाती लागणार. मी कन्नड अक्षरओळख सुरू केलीये. जोडाक्षरांपाशी अडकलोय, पण पाट्या वाचता येतात.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे : ‘मुलीच्या मृत्यूनंतरही प्रयोग केल्याची कथा १९११ नंतर कुणी, केव्हा आणि कशासाठी सांगितली, हे या प्रकरणात तपासले आहे.’ वाचायला रुक्ष आहे, कबूल. पण त्यावर लाल रेघ आली नाही.

सध्या मी त्यांच्या जुन्या तबकड्या ऐकतोय. दुसऱ्या कुणी न सांगितलेले बालगंधर्व निदान तिथे तरी भेटतील असं वाटलं होतं. तिथेही अडचण आहेच. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. नाट्यगृहात तेच पद वन्समोअर घेत घेत लोक त्यांच्याकडून कितीतरी वेळ गाऊन घ्यायचे. तबकडीवर ते सगळं आटवून, घाईने, समोर कुणी नसताना गातायत. गेले आठ दिवस मी एकाच जागी सुई पुन्हा पुन्हा ठेवतोय : एक तान संपते, ते श्वास घेतात, आणि पुढची ओळ नेहमीपेक्षा किंचित लवकर उचलतात.